दुर्लक्षित वर्षांची व्हिंटेज पोर्ट कधी उघडायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये राहतो आणि पोर्ट घेतो ती मुख्यतः अशा वर्षांची, ज्यांच्या मागे कोणी धावत नाही. ओळखीतून, ओळखीच्यांच्या ओळखीतून लोक बाटलीचा फोटो पाठवतात आणि विचारतात, ही आता उघडू का अजून ठेवू? तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय.

१. व्हिंटेज पोर्ट म्हणजे नक्की काय? पोर्ट वाईन तर गोव्यात पण मिळते ना?

गोव्यात दुकानात पोर्ट म्हणून मिळते ती तिथली गोड लाल वाईन, तिचा पोर्तुगालच्या पोर्टशी नावापुरता संबंध. ती आणा आणि प्या, ठेवून काही होणार नाही.

खरी पोर्ट येते उत्तर पोर्तुगालच्या डौरो नदीच्या खोऱ्यातून. द्राक्षाचा रस आंबत असतानाच मध्ये त्यात ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षाचं स्पिरिट घालतात, त्यामुळे आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते आणि शेवटी साधारण २० टक्के अल्कोहोलची गोड, दणकट वाईन तयार होते. यातली व्हिंटेज पोर्ट म्हणजे एकाच वर्षाच्या पिकाची, साधारण दोन वर्षं लाकडात ठेवून न गाळता बाटलीत भरलेली. तिचं पुढचं सगळं वाढणं बाटलीतच होतं, २०, ३०, ५० वर्षं. टॉनी पोर्टचं उलट असतं, ती पिंपात म्हातारी होते आणि बाटलीत भरली की तयारच असते. म्हणून कधी उघडू हा प्रश्न खरा व्हिंटेजचा.

२. दुर्लक्षित वर्ष म्हणजे खराब वर्षच ना? चांगलं असतं तर डिक्लेअर केलं असतं की.

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

व्हिंटेज डिक्लेअर करायचं, म्हणजे या वर्षाची व्हिंटेज पोर्ट काढतोय असं जाहीर करायचं, की नाही हे प्रत्येक घराणं (पोर्ट बनवणारी कंपनी) स्वतः ठरवतं, म्हणजे टेलर, फॉन्सेका, ग्रॅहम, डाऊ, वॉर वगैरे. नमुने तिथल्या सरकारी पोर्ट संस्थेकडून पास करून घ्यावे लागतात पण पहिला निर्णय घराण्याचा, आणि तो फक्त चवीवर होत नाही, बाजार बघून पण होतो. दहा वर्षांत साधारण तीनदा डिक्लेअर करायचं असा रिवाज पडला होता, त्यामुळे एक मोठं वर्ष नुकतंच विकलेलं असलं की पुढचं चांगलं वर्ष सुद्धा बाजूला राहायचं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९३१. पीक अप्रतिम, पण १९२७ चा माल अजून पडून होता, त्यात जगभर मंदी, त्यामुळे बहुतेक घराण्यांनी डिक्लेअर केलंच नाही. किंटा दो नोव्हाल या घराण्याने केलं, आणि त्यांची १९३१ ची नासिओनाल ही खास पोर्ट आज पोर्टमधली सगळ्यात नावाजलेली बाटली मानतात.

तर एखादं वर्ष मागे पडतं त्याची कारणं वेगवेगळी असतात. कधी पीक खरंच हलकं असतं (१९७५). कधी घराण्यांमध्ये फूट पडते, अर्धे एका वर्षाला आणि अर्धे पुढच्या वर्षाला डिक्लेअर करतात (१९८२ आणि ८३, १९९१ आणि ९२). कधी शेजारचं वर्ष इतकं गाजतं की हे झाकोळतं (१९६३ मुळे १९६६, १९७७ मुळे १९८०). आणि कधी वर्ष चांगलं असून बाजाराच्या सोयीसाठी सोडून दिलेलं असतं (१९८७, १९९५).

मला कोणी विचारलं कधी उघडू, तर मी आधी उलट विचारतो की हे वर्ष मागे का पडलं? हलकं होतं म्हणून मागे पडलं असेल तर घाई करा, बाजारामुळे पडलं असेल तर बाटलीला ते माहीतच नसतं, ती आपली मोठ्या वर्षांसारखी निवांत वाढत असते.

३. पण जाणकारांनी सुरुवातीलाच चाखून सांगितलेलं असतं ना, त्यांचं काय चुकणार?

दोन वर्षांच्या पोर्टवरून चाळीस वर्षांचं भविष्य सांगायचं असतं, चुकतंच. १९७७ बाहेर आली तेव्हा तिचं प्रचंड कौतुक झालं आणि १९७० ला चांगली पण आटोपशीर असं धरलं होतं. आज दोन्ही शेजारी ठेवून प्यायलात तर १९७० वर बोट ठेवणारे जास्त भेटतील, मी पण त्यातलाच. नवीन असतानाचे मार्क बघून जुनी बाटली उघडायची वेळ ठरवू नका, त्याच घराण्याची तीच बाटली गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी प्यायलं असेल तर त्याचं मत जास्त कामाचं.

४. एक ढोबळ हिशोब सांगा ना, किती वर्षांनी?

सांगतो, पण हा दगडावरची रेघ समजू नका. मोठ्या गाजलेल्या वर्षांची पोर्ट २० ते २५ वर्षांनी खुलायला लागते आणि चांगली ठेवलेली असेल तर ५० च्या पुढे सहज जाते. हलक्या वर्षांची १२ ते २५ मध्ये संपवलेली बरी. मुख्य डिक्लेरेशन नसलेल्या वर्षात एकाच मळ्याची जी पोर्ट काढतात (प्रश्न ८ बघा) ती बहुतेकदा १० ते १५ ला प्यायला गोड लागते आणि चांगल्या वर्षाची असेल तर ३० ला पण उभी असते.

मधे एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिली तीन-चार वर्षं व्हिंटेज पोर्ट फळांनी नुसती भरलेली असते, तेव्हा प्यायला पण मजा येते, आणि मग ती तोंड मिटून बसते. साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मधे कधीतरी वास येत नाही, चव तुरट, सगळं बंद बंद. या काळात उघडून लोक म्हणतात हे वर्षच फालतू. वर्ष फालतू नसतं, वेळ चुकलेली असते.

५. माझ्याकडे १९८० आहे, ८३ किंवा ८५ आल्यावर बघू म्हणून ठेवली होती. आता?

आता. बिनधास्त. १९८० हे माझं आवडतं वर्ष आहे त्यामुळे थोडा पक्षपात धरून चला, पण ४५ वर्षांची ही पोर्ट आज बहुतेक घराण्यांची पूर्ण तयार आहे आणि अजून पडायला लागलेली नाही. १९७७ चा गाजावाजा संपायच्या आत आली, पाठोपाठ १९८३ आणि १९८५ आली, मधे बिचारी अडकली आणि म्हणूनच त्याच घराण्याच्या ७७ किंवा ८५ पेक्षा आजही स्वस्तात मिळते. डाऊ १९८० कोरडी, ताठ, अजून दहा वर्षं आरामात जाईल. ग्रॅहम आणि वॉर पण मस्त. स्मिथ वुडहाऊस आणि गूल्ड कॅम्पबेल ही कमी बोलली जाणारी घराणी, पण या वर्षात त्यांनी फार सुंदर पोर्ट केली आहे आणि किंमत अजूनच कमी.

मी एका ऑक्शनमध्ये सहा बाटल्यांचा लॉट घेतला होता, दर दोन-तीन वर्षांनी एक उघडत गेलो. पहिल्या दोन चांगल्या होत्या, तिसरीला अचानक वाळलेलं अंजीर, संत्र्याची साल, चहाच्या पानांचा वास असं सगळं एकदम आलं आणि मी ग्लास हातात धरून नुसता बसून राहिलो. बारा वर्षांपूर्वी सगळ्या संपवल्या असत्या तर हे कळलंच नसतं.

६. १९७५ बद्दल सगळीकडे 'संपली' असं वाचतो. खरंच फेकायची का?

फेकायची नाही, पण या आठवड्यात उघडायची. १९७४ च्या एप्रिलमध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, त्यानंतरचा सगळा गोंधळाचा काळ, त्यात हे वर्ष डिक्लेअर झालं आणि वाईन मुळात हलकी होती. व्हिंटेज पोर्ट पोर्तुगालमध्येच बाटलीत भरायची सक्ती झाली त्यानंतरचं हे पहिलं वर्ष, त्याआधी पिंपं इंग्लंडला जायची आणि तिथले व्यापारी भरायचे, त्यामुळे १९७० किंवा त्याआधीच्या बाटलीवर इंग्लिश व्यापाऱ्याचं नाव दिसलं तर घाबरू नका. १९७५ मध्ये अजून प्यायला आनंद देईल अशी म्हणजे फॉन्सेका, बाकी बऱ्याच फिक्या पडल्यात.

माझ्या चुलतभावाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मी १९७५ ची एकच बाटली घेऊन गेलो होतो, दुसरं काही सोबत नाही. उघडली तर फळ गेलेलं, नुसतं स्पिरिट घशाला लागत होतं. सगळे चांगलं म्हणाले पण मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून ज्या वर्षाबद्दल शंका आहे त्याच्यासोबत एक खात्रीची बाटली नेतोच.

७. १९८२ आणि १९८३, १९९१ आणि १९९२, यातली कुठली आधी प्यायची?

१९८२ आधी. नोव्हाल, क्रॉफ्ट, सँडमन यांनी १९८२ डिक्लेअर केलं, ती मऊ पोर्ट, लवकर खुलली आणि आता उतारावर आहे. १९८३ वाल्यांमध्ये डाऊ, ग्रॅहम, वॉर, टेलर, फॉन्सेका, त्यांच्या पोर्टचा कणा जास्त मजबूत, आता छान लागतात आणि अजून थांबतील. १९८३ चा एकच अपवाद, कोबर्न्स. त्या वर्षीच्या त्यांच्या बऱ्याच बाटल्यांना बुचाचा वास लागलेला आहे, ओल्या पुठ्ठ्यासारखा. चांगली निघाली तर उत्तम पोर्ट आहे, पण पैसे आणि पाहुणे दोन्ही पणाला लावून उघडू नका.

१९९१ आणि ९२ ची गंमत वेगळी. टेलर आणि फॉन्सेकाने १९९२ निवडलं, टेलरला त्या वर्षी तीनशे वर्षं होत होती, आणि टेलर १९९२ इतकी गाजली की १९९१ लोक विसरूनच गेले. ग्रॅहम, डाऊ, वॉर सगळे १९९१ ला आहेत, दमदार पोर्ट आहे, आणि हे वर्ष हलकं म्हणून मागे पडलेलं नाही. आत्ता तीस-पस्तिशीत ती नुकती तयार झाली आहे. दोन-चार असतील तर एक आत्ता, बाकी पुढची पंधरा वर्षं सावकाश.

८. लेबलवर घराण्याचं नाव आहे पण खाली अजून एक नाव आहे, व्हार्जेलास किंवा माल्व्हेदोस. ही डुप्लिकेट का?

अजिबात नाही. किंटा म्हणजे मळा. ज्या वर्षी घराणं मुख्य व्हिंटेज डिक्लेअर करत नाही त्या वर्षी आपल्या सगळ्यात चांगल्या मळ्याची वेगळी पोर्ट काढतात. टेलरची व्हार्जेलास, ग्रॅहमची माल्व्हेदोस, डाऊची बॉम्फिम, वॉरची काव्हादिन्या. फॉन्सेका थोडं वेगळं करते, ती त्या वर्षी गिमारायन्स नावाने काढते, ती एका मळ्याची नसते. कायद्याच्या नजरेत या सगळ्या व्हिंटेज पोर्टच आहेत, दुसरा दर्जा वगैरे काही नाही.

कधी प्यायची याचं उत्तर इथे पण प्रश्न २ मध्येच आहे. १९९५ बघा, १९९४ इतकं मोठं डिक्लेअर झालं की पाठोपाठ अजून एक करायची कोणाची तयारी नव्हती, म्हणून १९९५ ची व्हार्जेलास, माल्व्हेदोस, गिमारायन्स अशी बाहेर आली. तीस वर्षांनी पण ही जोरात आहे, मी घाई करणार नाही. १९८७ ची व्हार्जेलास तशीच, आज प्या आणि दोन वर्षांनी परत प्या. १९९६ किंवा २००१ माझ्या मते हलक्या हाताच्या, आता उघडायच्या. १९९८ मधे कुठेतरी, आता छान आहे.

व्हेसुव्हियो या मळ्याचं गणित वेगळं. सिमिंग्टन कुटुंबाने (ग्रॅहम, डाऊ, वॉर यांचे मालक) तो मळा १९८९ मध्ये घेतला आणि तेव्हापासून बहुतेक वर्षी त्याची व्हिंटेज काढतात, त्यामुळे तिथे डिक्लेअर झालं यावरून काहीच कळत नाही, प्रत्येक वर्षाचं हवामान बघावं लागतं.

९. बाटली न उघडता काही कळतं का?

बरंच कळतं. काच काळी असते, म्हणून मानेच्या मागून मोबाईलचा टॉर्च लावा. वाईनची लेव्हल मानेत असेल तर छान, खांद्याच्या वरच्या टोकाला असेल तर चाळीस-पन्नास वर्षांच्या बाटलीला चालतं, खांद्याच्या मध्यावर किंवा खाली आली असेल तर ठेवू नका, लगेच उघडा. रंग गर्द लाल दिसला तर वेळ आहे, विटकरी तपकिरी आणि पातळ दिसला तर हातात वेळ कमी. वरचं आवरण चिकट असेल, बुचातून पाझरल्याच्या खुणा असतील तर ती बाटली रांगेत पहिली.

आणि आकार. अर्धी बाटली लवकर तयार होते, मॅग्नम (दुप्पट मोठी बाटली) उशिरा. त्याच वर्षाची अर्धी बाटली मिळाली तर ती आधी उघडा, मोठीचा अंदाज येतो.

१०. एकच बाटली आहे, चूक करायची सोय नाही. मग?

मग जरा लवकरच उघडा. थोडी तरुण पोर्ट डिकँटरमध्ये (वाईन ओतून ठेवायचं काचेचं भांडं) तास-दोन तास जास्त ठेवून सावरता येते, मेलेली पोर्ट कशानेच परत येत नाही. विशेषतः दुर्लक्षित वर्षांच्या बाबतीत, कारण त्यांना 'अजून ठेवली तर अजून भारी होईल' हा नियम सरसकट लागू नाही.

११. पुण्यात किंवा मुंबईत ठेवली तर चालेल का? येताना आणायचा विचार आहे.

आणायला अडचण नाही, ड्युटी-फ्रीमध्ये प्रवाशामागे दोन लिटरची मर्यादा आहे, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. ठेवायचं मात्र अवघड. पोर्टला १२ ते १५ डिग्री, अंधार आणि स्थिर तापमान लागतं. आपल्याकडे मे महिन्यात बंद फ्लॅटमधल्या कपाटात सहज पस्तिशी गाठते, तिथे दोन उन्हाळे काढले की बूच हलतं, पाझरतं आणि वाईन शिजल्यासारखी होते. वाईनचा फ्रिज असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर काही महिन्यांसाठी घरचा साधा फ्रिज कपाटापेक्षा बरा, पण वर्षानुवर्षं नाही. माझं मत, भारतात नेलेली जुनी बाटली त्याच थंडीत उघडून टाका. फक्त विमानातून आल्यावर दोन-तीन आठवडे हलवू नका, गाळ सगळा वर आलेला असतो.

१२. जन्मवर्षाची द्यायची आहे पण त्या वर्षी कोणी डिक्लेअरच केलं नाही. काय घेऊ?

दोन वाटा. एक, प्रश्न ८ मधली नावं त्या वर्षासाठी शोधा. १९७६ ला फॉन्सेकाची गिमारायन्स आहे आणि ती अजून सुंदर लागते, १९८४ ची पण मिळते पण ती आत्ताच प्यायची.

दुसरी वाट कोल्हेता. ही एकाच वर्षाची टॉनी, किमान सात वर्षं लाकडात, बऱ्याचदा कितीतरी जास्त, आणि ती डिक्लेरेशन नसलेल्या वर्षांची पण निघते. इथे फोटो पाठवणारे हमखास फसतात, लेबलवर वर्ष बघून व्हिंटेज समजतात आणि वीस वर्षं ठेवायचा बेत करतात. कोल्हेताच्या बाटलीवर पिकाचं वर्ष असतं आणि बाटलीत भरल्याचं वर्ष पण असतं, दुसरं वर्ष दिसलं की समजा ती तयार आहे, ठेवून काही मिळणार नाही. वाढदिवसाला मला तरी शंकेच्या व्हिंटेजपेक्षा कोल्हेता जास्त भरवशाची वाटते (कारण प्रश्न ६).

१३. उघडायची कशी आणि किती आधी?

आदल्या दिवशी किंवा दोन दिवस आधी उभी करा, गाळ खाली बसू दे. आडवी ठेवलेली असताना काचेवर पांढऱ्या रंगाचा ठिपका असेल तर ती वरची बाजू, गाळ समोरच्या बाजूला असतो. बूच जुनं असेल तर तुटेल, तुटू दे, बारीक गाळणीतून ओता. सावकाश, खाली दिवा धरून, गाळ मानेपर्यंत आला की थांबा.

२० ते ३० वर्षांची असेल तर प्यायच्या तीन-चार तास आधी ओता. १९८० आणि ८३ ला दोन तास पुरतात. १९७५ किंवा १९६० सारखी नाजूक असेल तर ओता आणि लगेच प्या. १६ ते १८ डिग्रीला द्या, आपल्या हवेत म्हणजे आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये. सोबत अक्रोड आणि निळं चीज, एवढंच. जुनी पोर्ट उघडल्यावर एक-दोन दिवसांत संपवा, तरुण असेल तर तीन-चार दिवस टिकते.

१४. उघडली, नुसतं स्पिरिट लागतंय. वर्ष गेलं म्हणायचं का?

लगेच नाही. स्पिरिट वर येण्याची दोन कारणं असतात. एक, फळ सरलंय आणि खाली उघडं अल्कोहोल उरलंय, हे उताराचं लक्षण. दोन, बाटली अजून जागी झालेली नाही किंवा गरम दिली आहे. ओळखायचं असं, ग्लास थोडा थंड करा आणि बाकीची डिकँटरमध्ये दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ठेवा. गेलेली पोर्ट दुसऱ्या दिवशी अजून पोकळ लागते. मिटून बसलेली दुसऱ्या दिवशी उघडते, आणि दुर्लक्षित वर्षांमध्ये हे मी इतक्यांदा पाहिलंय, विशेषतः १९८३ आणि १९९१ मध्ये, की पहिल्या रात्री मी आता कुठलीच बाटली ओतून देत नाही. पुठ्ठ्याचा वास असेल तर मात्र थांबण्यात अर्थ नाही, तो हवेने जात नाही.